एका गीझरचे पाच मजले

आमच्या बिश्केकमध्ये उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही. जिन्याच्या दारावर कागद चिकटला की आम्ही समजतो, आला उन्हाळा. "पाइपांच्या देखभालीसाठी गरम पाणी बंद राहील" एवढाच त्यावर मजकूर असतो. हिवाळाभर शहराच्या एका टोकाला पाणी तापतं आणि जमिनीखालून घरोघरी येतं. उन्हाळ्यात ते पाइप बिचारे विश्रांती घेतात. पाणी कधी परत येणार ती तारीखही खाली असते, पण ती लिहिणाऱ्याने स्वतःसुद्धा मनावर घेतलेली नसते.

मग सुरू होतो अंघोळीचा पाहुणचार. सगळ्या शहराचं पाणी एकदम जात नाही. आमची वस्ती कोरडी असते तेव्हा माझ्या मेव्हण्याची वस्ती वाफाळत असते. म्हणून आम्ही पिशवीत टॉवेल घालायचा, वर एक खरबूज ठेवायचं आणि "सहज आलो होतो" म्हणून त्याच्याकडे जायचं. चहा होतो, प्रकृतीची चौकशी होते, गावाकडच्या मेंढ्यांची चौकशी होते. अंघोळीचा विषय कोणी काढत नाही. शेवटी मेव्हण्याची बायको म्हणते, "आलाच आहात तर अंघोळ करून घ्या ना." यावर आपण म्हणायचं, "अहो, कशाला उगीच," आणि तेवढ्यात खरबुजामागून शाम्पूची बाटली डोकं वर काढते. पुढच्या महिन्यात मेव्हणा आमच्याकडे सहज येतो. ही पद्धत सगळ्या शहराला मान्य आहे आणि त्यातून नातीगोती टिकतात असं म्हणतात. मला मात्र ओल्या केसांनी दुसऱ्याच्या घरातून बाहेर पडताना कायम कानकोंडं व्हायचं. बांधकामाच्या तंत्रशाळेत मी उभं आयुष्य पाइपांच्या आकृत्या काढायला शिकवण्यात घालवलं. अर्ध्या शहराचे नळ माझ्या विद्यार्थ्यांनी जोडलेत, आणि त्यांच्या गुरूने पिशवीत साबण लपवून फिरायचं?

मास्तरकी सुटली, तरी लोकांच्या तोंडचं 'आगाय' सुटलेलं नाही. इथे मास्तरांना आगाय म्हणतात. माझं एसेनकुल हे नाव आता फक्त माझी बायको बुरुल घेते, आणि तेही चिडल्यावर.

यंदा कागद लागला आणि त्याच आठवड्यात नारिनहून व्याह्यांचा फोन आला. व्याही म्हणजे होऊ घातलेले. आमच्या जिल्दिजच्या कानात डूल घालायला ते आणि विहीणबाई शनिवारी येणार होते. डूल घातले की मुलगी त्यांची झाली, मग लग्न म्हणजे नुसता स्वयंपाक. हे कासिमाली व्याही मोठ्या आवाजाचे गृहस्थ. अंगणात त्यांचा स्वतःचा बान्या आहे. लाकडं पेटवून तापवायचं ते वाफेचं न्हाणीघर एवढं कडक, की त्यातून बाहेर आलेला माणूस बराच वेळ आपलं नाव सांगू शकत नाही, असं ते स्वतःच सांगतात.

"काय व्याही," ते फोनवर म्हणाले, "तुमच्याकडे म्हणे उन्हाळ्यात लोक पिशवीत टॉवेल घेऊन गावभर हिंडतात?"

"लोक हिंडत असतील," मी म्हणालो.

"नाही, एवढ्यासाठी विचारलं, की घाट उतरून येईपर्यंत आम्ही नुसते धुळीचे होतो. आमच्या हिला तर अंघोळीशिवाय चहासुद्धा जात नाही. तुमची अडचण होत असेल तर मोकळेपणाने सांगा. आम्ही हॉटेलात उतरू."

हॉटेलात. आमच्याकडे व्याह्यांना आणि हॉटेलला एका वाक्यात बसवत नाहीत. उद्या नारिनमध्ये बोललं जाणार, की पोरीच्या माहेरी पाहुण्याला साधी अंघोळ मिळाली नाही. आमच्या जिल्दिजने तिकडे पहिला चहा ओतला की कोणीतरी म्हणणार, पाणी गरम आहे ना गं, तुमच्याकडे नसतं म्हणे. आणि हे ती म्हातारी होईपर्यंत चालणार. आमच्या लोकांची स्मरणशक्ती फार चांगली आहे.

"व्याही," मी म्हणालो, "आमच्या घरी गरम पाण्याला सुट्टी नसते."

स्वयंपाकघरात बुरुल नूडल्सचं पीठ लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "कुठलं गरम पाणी?"

"गीझर घेतोय," मी म्हणालो. हे मलाही तेव्हाच कळलं.

आमच्या इमारतीत काही खरेदी करायची तर आधी ती बाकड्यावरून पास व्हावी लागते. हे बाकडं जिन्याच्या दाराशी आहे. खरं तर ते जर्दाळूच्या झाडाकडे तोंड करून बसवावं अशी माझी सूचना होती. मी रीतसर आकृती काढून दिली होती. पण दुसऱ्या मजल्यावरच्या शारापात एजे म्हणाल्या, "झाडाकडे काय बघायचं? झाड कुठे जात नाही. कोण आलं, कोण गेलं ते दिसलं पाहिजे." आणि सिमेंट ओलं असतानाच बाकडं दाराकडे वळलं. तेव्हापासून माझं आणि एजेंचं बोलणं मोजकं असतं. त्या वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना 'एजे', म्हणजे ताई, म्हणतो. पण ते दात आवळून.

पाचव्या मजल्यावरचा तालाय टॅक्सी चालवतो. तो म्हणाला, "आगाय, घ्यायचा तर मोठ्यातला मोठा घ्या. लहान गीझर म्हणजे एक पाय धुवायचा आणि दुसऱ्या पायासाठी थांबायचं." चौथ्या मजल्यावरच्या ल्युदमिला अर्काद्येव्ना जन्मभर पियानो शिकवत होत्या. त्यांना वीज आणि पाणी एकत्र आणण्याची कल्पनाच सहन झाली नाही. टोकमोकला त्यांच्या एका ओळखीच्या बाईंचा गीझर फुटला होता. माणसं वाचली, पण मांजर त्यानंतर कधी घरी आलं नाही. पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. ते म्हणाले, गीझर कुठलाही घ्या, आत गंज चढतोच, दातासारखंच असतं ते, आणि माझे दात बघू लागले.

शारापात एजे सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या. टरफल बाजूला टाकून त्या म्हणाल्या, "आगाय, गीझर लावाल तो लावा. पण न्हाणीघरातल्या उभ्या पाइपाचा कॉक आधी बंद करा."

उभा पाइप म्हणजे पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत गेलेला गरम पाण्याचा सामायिक पाइप. त्याला प्रत्येक घरात एक फाटा आणि फाट्यावर एक कॉक. पाइपांबद्दल मला बाकड्यावरून सांगितलं जावं हे माझ्या जिव्हारी लागलं.

"एजे," मी म्हणालो, "त्या पाइपात सध्या थेंब नाही. रिकाम्या गोठ्याला कुलूप कोण लावतं?"

बाकडं हसलं. एजेंनी नवी बी उचलली. एजेंना निरुत्तर करण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. ते वाक्य मी घरी बुरुललाही ऐकवलं, आणि तिने लक्ष दिलं नाही म्हणून पुन्हा ऐकवलं.

गीझर आला. ऐंशी लिटरचा होता, म्हणजे उभा केला तर चांगल्या वजनाचा पाहुणाच वाटावा. बसवायला माणूस मिळेना, कारण उन्हाळ्यात शहरातले सगळे नळवाले इसिक-कुल सरोवरावर जातात. तिथल्या पाहुणघरांचे नळ सकाळी दुरुस्त करायचे आणि दुपारी पोहायचं, यात त्यांचं वर्ष निघतं. माझे तीन विद्यार्थी मला फोनवर भेटले आणि तिघांच्याही मागे लाटांचा आवाज येत होता. तेव्हा मी स्वतः आकृती काढली, तालायने ड्रिल आणलं आणि आम्ही कामाला लागलो.

आकृतीत न्हाणीघराची भिंत वीतभर जाड होती. प्रत्यक्षात ती बांधणाऱ्याने कुठेतरी काटकसर केलेली असावी. तालायने ड्रिल लावलं, मी "अजून, अजून" म्हणत राहिलो, आणि पलीकडून बुरुलचा आवाज आला, "एसेनकुल."

ड्रिलचं टोक स्वयंपाकघरात, फडताळात, रासबेरीच्या मुरंब्याच्या बरणीत निघालं होतं. काच फुटली नव्हती. भोक पडलं होतं आणि त्यातून मुरंबा सावकाश खाली येत होता. तालाय म्हणाला, "आगाय, हात मात्र स्थिर आहे हं माझा." दुसरी भोकं आम्ही खाली पाडली. तिथे भिंत जाड होती, पण गीझर इतका खाली आला, की त्याच्याखाली उभं राहायचं तर नमाजाला वाकल्यासारखं वाकावं लागे. मी पहिल्याच दिवशी दोनदा डोकं आपटून घेतलं. बुरुल म्हणाली, व्याही तुमच्याहून उंच आहेत. मी म्हणालो, पाहुण्याने यजमानाच्या घरात थोडं नम्र असावं.

पाणी सोडलं. गीझर भरायला लागला आणि भरतच राहिला. आतून सूं सूं आवाज येत होता. तालायने एक सिगारेट ओढली, मग दुसरी. "मोठ्यातला मोठा आहे," मी म्हणालो. त्याला ते पटलं.

बटण दाबलं, लाल दिवा लागला. संध्याकाळी मी समारंभपूर्वक गरम नळ उघडला. पाणी कोमट होतं. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, लोखंड तापायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी पाणी कोमटच होतं. तिसऱ्या दिवशी मी काटा शेवटपर्यंत फिरवला. लाल दिवा रात्रंदिवस जळत होता आणि पाणी नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगाइतकं ऊन.

आणि याच दिवसांत बाकड्यावर आनंदीआनंद झाला. ल्युदमिला अर्काद्येव्ना म्हणाल्या, "यंदा गरम पाणी लवकर आलं. मी काल केस धुतले." तालाय म्हणाला, "माझ्याकडेही येतंय, कडक नाही, पण उन्हाळ्यात कडक कोणाला हवंय?" डॉक्टरांचे पेशंट ऊन पाण्याने चुळा भरू लागले. शारापात एजेंच्या घरी तर नुकताच नातू झालेला. त्यांच्या गॅलरीत रोज दुपट्यांची रांग वाळत पडायची. सगळ्यांनी मिळून नगरपालिकेला दुवा दिला. आमच्या इमारतीच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

माझी अवस्था काय सांगावी? जिन्यात गीझर फक्त माझ्याकडे आणि जिन्यात गरम पाणी नाही तेही फक्त माझ्याकडे. गुरुवारी बुरुल पिशवी घेऊन दाराबाहेर निघाली. पिशवीत टॉवेल होता.

"कुठे?"

"ल्युदमिला अर्काद्येव्नांकडे. केस धुऊन येते. आपल्याकडे गरम पाणी येईपर्यंत व्याही येतील."

माझी बायको, माझ्या डोळ्यांदेखत, वरच्या मजल्यावर अंघोळीला गेली. जाताना वर एक खरबूजही घेतलं.

शुक्रवारी मी गरम पाण्याच्या कचेरीत गेलो. तिथे खिडकीत एक बाई पंख्याचा वारा घेत बसल्या होत्या. मी म्हणालो, "आमच्या जिन्यात गरम पाणी सगळ्यांना येतंय, मला सोडून."

"तुमच्या वस्तीचं पाणी बंद आहे," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे. पण ते येतंय."

"येणं शक्य नाही."

"शेजारी अंघोळ करतायत."

"आगाय," त्या म्हणाल्या, मास्तर चेहऱ्यावरून ओळखू येतो, "तुमची तक्रार पाणी येत नाही ही आहे, की येतंय ही? येत नसेल, तर ते बंदच आहे, त्यामुळे तक्रार होत नाही. येत असेल, तर बेकायदा आहे. मग कोणाकोणाला येतंय त्यांची नावं सांगा."

शेजाऱ्यांची नावं? ज्या बाईंकडे आदल्या दिवशी माझी बायको न्हायली त्यांचं नाव मी खिडकीत सांगायचं? मी म्हणालो, माझी चौकशी केवळ शास्त्रीय होती. पण बाईंना संशय आलाच होता. दुपारी त्यांचा तपासनीस येऊन तळघरात उतरला. मुख्य व्हॉल्व्हला त्यांनीच लावलेलं सील जसंच्या तसं होतं. मग त्याने उभ्या पाइपाला हात लावला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"ऊन आहे," तो म्हणाला.

"आहे ना?"

"उन्हाने तापला असेल."

आम्ही दोघे तळघरात उभे होतो. तिथे दिवसासुद्धा बॅटरी लागते. पण त्याच्याकडे अधिकार होता आणि माझ्याकडे फक्त बॅटरी. जाताना तो म्हणाला, "कागदोपत्री तुमच्या इमारतीत गरम पाणी नाही, हे लक्षात ठेवा." ते मी कधीच विसरलो नव्हतो.

शनिवारी मी पहाटेपासून नळाला कोणाला हात लावू दिला नाही. दुपारी पाणी तपासलं तर खरोखर गरम. अगदी वाफ. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात व्याही आले. उतरले तेव्हा भुवयांपासून बुटांपर्यंत धुळीने एकाच रंगाचे झाले होते. गळाभेट झाली, जिल्दिजने पदार्थांनी भरलेलं टेबल दाखवलं, विहीणबाईंनी सगळं घर एका नजरेत पाहिलं. त्या फार बोलत नाहीत, आणि न बोलणाऱ्या विहिणीची मला जास्त भीती वाटते.

"आधी अंघोळ," मी हात चोळत म्हणालो. "पाणी तयार आहे."

व्याही आत गेले. एकदा डोकं आपटल्याचा आवाज आला, पण त्यांनी ते मोठ्या मनाने घेतलं. मग शॉवर सुरू झाला आणि आतून गाणं ऐकू येऊ लागलं. मी विहीणबाईंना चहा ओतून दिला. बुरुलकडे मी जिंकलेल्या माणसासारखं पाहिलं. गाणं रंगात आलं होतं.

आणि ते मध्येच तुटलं.

"व्याही," आतून आवाज आला, "ही नारिन नदी कुठून सोडलीत?"

मी धावलो. नळ गार पडला होता. दार उघडलं आणि व्याही मोठा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. डोक्यावर, मिशांवर, कानांत साबणाचा फेस, डोळे गच्च मिटलेले. फक्त एक हात पुढे करून ते म्हणाले, "धरा कोणीतरी. काही दिसत नाही." विहीणबाईंनी कप खाली ठेवला. जिल्दिज स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिच्याकडे बघवेना. बढाई मी मारली होती आणि टोमणे ऐकणार होती ती.

काहीतरी करायचं म्हणून मी जिन्याचं दार उघडलं. वरून ल्युदमिला अर्काद्येव्ना केसांना टॉवेल बांधून उतरत होत्या. "गरम पाणी गेलं. ऐन साबण लावलेला असताना." त्यांच्या वरून तालायचा आवाज, "माझंही गेलं." खालून डॉक्टर म्हणाले, "इकडे पेशंट तोंड उघडं ठेवून बसलाय." सगळ्यांचं पाणी एकाच क्षणी गेलं होतं.

शारापात एजे जिना चढून वर आल्या. त्यांनी साबणातल्या व्याह्यांकडे पाहिलं, विहीणबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि त्या एका नजरेत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उघडा कॉक. माझ्या गीझरमधलं पाणी माझ्या नळाला येण्याआधी त्या उघड्या कॉकमधून उभ्या पाइपात शिरत होतं, आणि तिथून खाली डॉक्टरांपासून वर तालायपर्यंत पाचही मजल्यांना जात होतं. नगरपालिकेला दिलेला दुवा खरा माझा होता. बुरुल वर जाऊन माझ्याच पाण्याने न्हायली होती आणि त्याबद्दल खरबूज दिलं होतं.

एजेंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी नुसतं म्हणायचं होतं, "का आगाय, रिकाम्या गोठ्याला कुलूप नाही का लावलंत?" सगळा जिना ऐकत होता, व्याही ऐकत होते. एजेंवर अशी वेळ येऊन मी त्यांच्यासमोर उभा असतो तर मी... पण मी त्यांच्या जागी नव्हतो, हे बरंच झालं.

"झालं तरी काय?" डोळे मिटलेले व्याही म्हणाले.

"काही नाही, पाहुणे," एजे म्हणाल्या. "आमच्या आगायनी घरचा गीझर सबंध जिन्याला मोकळा करून दिलाय. उन्हाळाभर आम्ही त्यांच्याच पाण्याने अंघोळ करतो. आज माझ्या नातवाचं चाळिसाव्या दिवसाचं न्हाण, सगळ्यांना बोलावणं आहे, म्हणून सगळेच एका वेळी न्हायला बसले. चला खाली. माझ्याकडे पातेली भरून ठेवलीत."

व्याह्यांनी साबणातून एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "सबंध जिन्याला?"

"शेजारी आहेत," मी म्हणालो. आवाज मला हवा होता तेवढा खोल आला नाही, पण चालून गेला.

मी त्यांचा हात धरून त्यांना खाली नेलं. एजेंच्या न्हाणीघरात त्यांना उभं केलं आणि मी स्वतः पातेल्याने त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं. पहिलं पातेलं, दुसरं, मिशा, कान. मधल्या खोलीत एजेंची सून सालतानात बाळाला घेऊन बसली होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आई, आणि बाळाला?"

"आधी पाहुणा," एजे म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं, ते पाणी बाळासाठी जमवलेलं होतं. चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे मुलाला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालतात. प्रत्येक चमच्यामागे एक आशीर्वाद. बायका घरात जमायला लागल्या होत्या, आणि मी त्या बाळाचं पाणी व्याह्यांच्या मिशांवर संपवलं होतं.

माझ्या हातून बऱ्याच चुका होतात, पण एकदा चूक कळली की मी वेळ घालवत नाही. मी जिन्याच्या मधोमध उभा राहिलो आणि वर्गात लावायचो तो आवाज लावला. "पाचही मजल्यांनी ऐका. गरम नळ कोणी उघडायचा नाही. जो उघडेल त्याला बाळाच्या न्हाणाला जागा नाही." ल्युदमिला अर्काद्येव्ना केसांतल्या साबणासकट मान डोलावून वर गेल्या. डॉक्टरांनी पेशंटला तोंड मिटायला सांगितलं. तालायने स्वतःच्या नळावर पाटी लावली. एवढा शिस्तीचा वर्ग मला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

बुरुल शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन आली. तिने उभ्या पाइपाच्या कॉकमध्ये दोन थेंब सोडले, आणि वर्षानुवर्षं न हललेला तो कॉक दोन बोटांनी फिरवून बंद केला. मग ती गीझरवर तळहात ठेवून उभी राहिली, पोराचा ताप बघावा तशी. "आता तापतोय," ती थोड्या वेळाने म्हणाली. "खरा तापतोय."

त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर वाफाळतं पातेलं मी स्वतः उतरवून नेलं. व्याही पुढे चालत "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणत होते. बायकांनी एकेक चमचा घातला. विहीणबाईंनी चमचा घेतला आणि दिवसभरात त्यांचं सर्वांत लांब वाक्य बोलल्या: "तुझ्या दाराशी नेहमी असेच शेजारी असू देत." मग वर येऊन त्यांनी आमच्या जिल्दिजच्या कानात डूल घातले. ती रडली, बुरुल रडली, आणि मी गीझरचा दिवा बघून येतो म्हणून आत गेलो.

हो, त्याआधी एक झालं. शेवटचा चमचा राहिला तेव्हा एजेंनी तो माझ्या हातात दिला. पुरुष हे करत नाहीत, पण त्या म्हणाल्या, "पाणी ज्याचं, शेवटचा चमचा त्याचा." मी पाणी घातलं. बाळाने माझ्याकडे बघून भुवई वर केली, अगदी आजीसारखी. मी म्हणालो, "तुला जन्मात कधी टॉवेल पिशवीत घालून फिरावं लागू नये." बायका हसल्या. एजेही हसल्या, पण ते हसू माझ्या वाक्याला होतं असं मला वाटलं नाही. त्यांनी हळूच माझ्या कानाशी म्हटलं, "गोठ्यात जनावरं आहेत, आगाय. आता कुलूप लावायला हरकत नाही."

रविवारी व्याही निघाले. गाडीत बसताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "माझ्या बान्यात एका वेळी चार माणसं बसतात," ते म्हणाले, "आणि मी तेवढ्यावर गावभर सांगत सुटतो. तुम्ही पाच मजले न्हाऊ घातलेत, आणि फोनवर बोललातसुद्धा नाही." मी मान खाली घातली. मला विनय फार शोभतो असं जिल्दिज नंतर म्हणाली.

सोमवारी सकाळी मी लवकर उठलो. जिन्यात सामसूम होती. न्हाणीघरात वाकून शिरलो, डोकं आपटलं, आणि कॉककडे पाहिलं. तो बंद होता, गीझर तुडुंब गरम होता, आणि अख्ख्या जिन्यात गरम पाणी आता फक्त माझं होतं. जे मला आठवडाभर हवं होतं ते हेच. खालून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता आणि सालतानात त्याला गप्प करत होती.

मी दोन बोटं लावली आणि कॉक उघडला. पाइपात पाणी शिरल्याची सूं सूं सुरू झाली.

"कसला आवाज?" बुरुल बाहेरून म्हणाली.

"कॉक," मी म्हणालो. "जुना झालाय. नीट बंद होत नाही."

तिने तो परवा दोन बोटांनी बंद केला होता. ती दारात येऊन उभी राहिली. तिने कॉककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुंटीवरचा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला.

"हो, तो तसाच आहे," ती म्हणाली. "चला, पाचवा मजला उठायच्या आत अंघोळ उरका."